सिंकजवळच्या सॉकेटमुळे आरसीसीबी वारंवार पडतोय? आधी पाण्याची वाट शोधा

सिंकशेजारच्या सॉकेटचा त्रास जातो आणि परत येतो. भांडी घासून झाली की आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर, पडतो, वर केला की लगेच पुन्हा पडतो, आणि तासाभराने मात्र काही न करता टिकून राहतो. वायरमन येतो तेव्हा सगळं सुरळीत चालू असतं. तो सॉकेट बदलून देतो, काही दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. काही घरांत ब्रेकर पडत नाही, पण नळाला ओला हात लागला की झिणझिण्या येतात. कुठे प्लगची एक पिन हळूहळू काळी पडत जाते. तक्रारी वेगळ्या दिसतात, पण सिंकच्या आसपास असताना त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असतं. ते बोर्डापर्यंत कसं पोचतं हे कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून सॉकेट बदलूनही दुखणं तिथेच राहतं.

शोध सुरू करण्याआधी एक गोष्ट. नळाला, सिंकला किंवा एखाद्या उपकरणाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी मेन स्विच बंद करा, तोही कोरड्या हाताने आणि कोरड्या जागी उभं राहून. ओल्या सॉकेटचा स्विच दाबायला जाऊ नका. कुणाला शॉक बसून हात चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नका, आधी मेन बंद करा. मेनपर्यंत पोचता येत नसेल तर कोरड्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने त्याला वेगळं करा. झटक्यानंतर छातीत धडधडणं, चक्कर किंवा काही क्षणांची बेशुद्धी असेल, तर माणूस बरा दिसला तरी त्याला डॉक्टरकडे न्यायचंच.

ओल्या हाताची एवढी काळजी का, ते आकड्यांत सांगतो. कोरड्या त्वचेचा रोध काही हजार ओहमपासून लाखभर ओहमपर्यंत असतो. त्वचा भिजली की तो १००० ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला १००० ओहमने भागा: २३० मिलिअँपिअर. हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी व्हायला १० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह पुरतो. सिंकवर तर एक हात नळावर आणि दुसरा प्लगवर असण्याची शक्यता जास्त, म्हणजे प्रवाहाची वाट थेट छातीतून जाते.

कोणता ब्रेकर पडतोय?

वितरण पेटीत पडलेलं बटण नीट ओळखा. एमसीबी पडत असेल तर प्रवाह मर्यादेपेक्षा जास्त झाला आहे किंवा शॉर्टसर्किट आहे. आरसीसीबी पडत असेल, ज्याला अनेक जण अजूनही ईएलसीबी म्हणतात, तर फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलने परत आलेला नाही, काही भाग दुसऱ्याच वाटेने जमिनीत गेला आहे. आरसीबीओ ही दोन्ही कामं एकटाच करतो, त्यामुळे तो असेल तर कारण फक्त बटणावरून कळत नाही.

घरातला आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरचा असतो. याचा अर्थ ३० ला तो पडलाच पाहिजे आणि १५ पर्यंत पडता कामा नये. मधल्या पट्ट्यात तो कुठेही पडू शकतो. ‘कधी पडतो, कधी पडत नाही’ या तक्रारीचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. पाणी तापवणारी कॉइल, फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र, प्रत्येकाची थोडीथोडी विजेची गळती रोजच चालू असते. त्यात ओल्या सॉकेटची पाच-सहा मिलिअँपिअर पडली की बेरीज हद्द ओलांडते. ओल वाळली की बेरीज खाली येते आणि ब्रेकर टिकतो. दोष मात्र जागच्या जागी असतो.

सगळे प्लग काढा, स्विच बंद करून भागणार नाही

बहुतेकांची तपासणी या ठिकाणी फसते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

भिंतीवरचा साधा स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल आणि अर्थ या दोन्ही तारा उपकरणाला जोडलेल्याच राहतात. उपकरणाच्या आत किंवा सॉकेटच्या मागे ओलीमुळे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटले असतील, तर स्विच बंद असतानाही आरसीसीबी पडू शकतो. घरातल्या इतर उपकरणांचा न्यूट्रलने परतणारा प्रवाह या जोडाशी येतो, त्यातला थोडा भाग अर्थच्या तारेत वळतो आणि आरसीसीबीला तूट दिसते. म्हणूनच असं होतं की दुसऱ्या खोलीत इस्त्री लावली आणि ब्रेकर पडला. मग इस्त्रीला दोष दिला जातो, ती दुरुस्तीला जाते, तिच्यात काही सापडत नाही. दोष असतो सिंकखालच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या सॉकेटमध्ये. इस्त्रीने फक्त न्यूट्रलमधला प्रवाह वाढवलेला असतो.

एकपोली, म्हणजे फक्त फेज तोडणाऱ्या, एमसीबीचंही तेच. स्वयंपाकघराचा एमसीबी खाली केला तरी त्या सर्किटचा न्यूट्रल जोडलेला राहतो. ‘एमसीबी बंद केला तरी आरसीसीबी पडतोच, म्हणजे दोष स्वयंपाकघरात नाही’ हा निष्कर्ष त्यामुळे चुकतो. तिथे इलेक्ट्रिशियनने पेटीतला न्यूट्रल सोडवून पाहावं लागतं.

तेव्हा त्या आरसीसीबीवर असलेल्या सगळ्या सॉकेटांतून प्लग बाहेर काढा. स्वयंपाकघरातल्यांतून तर काढाच, आणि ओट्याखाली किंवा कपाटामागे विसरलेले प्लगही शोधा. मग आरसीसीबी वर करा. टिकला, तर एकेक उपकरण लावत चला आणि प्रत्येकाला थोडा वेळ प्रत्यक्ष चालू ठेवा. तापणाऱ्या उपकरणांना जास्त वेळ द्या, कारण कॉइलमध्ये शिरलेली ओल कधी गार असताना तर कधी तापल्यावर गळती दाखवते. एखादं उपकरण लावताच ब्रेकर पडला, तर तेच उपकरण सिंकपासून लांबच्या, कोरड्या सॉकेटवर लावून खात्री करा. तिथेही पडला तर दोष उपकरणात असण्याची शक्यता मोठी, पण इतर उपकरणं लावल्यावरही पडत असेल तर न्यूट्रल-अर्थचा जोड एखाद्या सॉकेटच्या मागे असू शकतो.

सगळे प्लग काढूनही ब्रेकर टिकत नसेल तर दोष वायरिंगमध्ये, सॉकेटच्या मागे किंवा कायमच्या जोडलेल्या एखाद्या उपकरणात आहे. या टप्प्यावर ज्याला काम येत नाही त्याने थांबावं आणि जाणकाराला बोलवावं. पण पुढचा भाग वाचून ठेवा, म्हणजे त्याने काय पाहिलं आणि काय राहिलं हे तुम्हाला कळेल.

बोर्ड उघडल्यावर काय दिसतं

मेन बंद करून, मग तारेत पुरवठा नाही याची खात्री करूनच स्क्रूला हात लावायचा. खिशातला निऑन टेस्टर पेटला नाही म्हणून तार निर्जीव आहे असं धरू नका. तो तुमच्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी बारीक प्रवाहावर पेटतो. रबरी चपला घालून किंवा लाकडी स्टुलावर उभं राहिलात तर त्याचा उजेड मंद होतो, आणि उजेडात तो दिसतही नाही. दोन टोकांचा टेस्टर वापरा. आधी तो चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा, मग कामाच्या जागी, आणि पुन्हा चालू ठिकाणी. तिन्ही वेळा अपेक्षित उत्तर मिळालं तरच पुढे जा.

आतमध्ये तांब्यावर हिरवट थर, स्क्रूवर गंज किंवा टर्मिनलभोवती पांढरी भुकटी दिसली तर इथे पाणी येऊन गेलं आहे. अगदी शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. पण नळाच्या पाण्यात क्षार असतात, सिंकवरच्या पाण्यात साबणही असतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि हवेतला दमट‌पणा मिळाला की तोच थर पुन्हा वाहक होतो.

दोन टर्मिनलांच्या मधे प्लॅस्टिकवर काळी, झाडाच्या फांद्यांसारखी रेघ दिसली तर तो सॉकेट टाकूनच द्या. ओल्या थरातून बारीक ठिणग्या उडत राहतात, प्लॅस्टिक जळून त्याचा कोळसा होतो, आणि कोळसा पूर्ण कोरडा असतानाही वीज वाहून नेतो. पुसून, घासून, गरम हवा मारून ही रेघ जात नाही. भिजलेला सॉकेट ‘वाळवून’ वापरण्याला माझा ठाम विरोध आहे तो याच कारणाने. वाळलेला दिसतो तेव्हाही आत काय राहिलं आहे ते कळत नाही, आणि नवीन सॉकेट ही या सगळ्यातली सर्वांत सोपी वस्तू आहे.

काळ्या पिनेचं कारण जरा निराळं. ओलीने सॉकेटमधली पितळी पकड गंजते, ढिली होते, जोडाचा रोध वाढतो. १० अँपिअरचा प्रवाह आणि जोडात फक्त ०.२ ओहम रोध असेल तरी त्या एका बिंदूवर २० वॉट उष्णता तयार होते. हे एमसीबीला दिसत नाही कारण प्रवाह वाढलेला नाही, आणि आरसीसीबीला दिसत नाही कारण काहीही जमिनीत गेलेलं नाही. जळका वास आणि कोमट प्लग हीच काय ती सूचना. अशा वेळी सॉकेटबरोबर प्लगही बदला. करपलेली, खरबरीत पिन नव्या सॉकेटात घातली की त्याचीही पकड लवकर खराब होते.

पाणी येतं कुठून

बोर्ड उघडा आहे तोवरच हे पाहून घ्या, कारण ओलीचा ठसा बोर्डाच्या आतच असतो. पट्टीचा पुढचा भाग आणि खालची कड ओली, पण मागचा डबा व पाइपचं तोंड कोरडं असेल, तर समोरून शिंतोडे येत आहेत. डब्यात वरून उतरणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी ओल किंवा पाण्याचा ओघळ दिसला, तर भिंतीतलं पाणी वायरच्या पाइपातून आत येतं आहे. समोर कितीही झाकण लावलं तरी ते थांबणार नाही. डब्याच्या मागच्या भिंतीचाच भाग दमट असेल तर टाइलच्या मागून झिरपा आहे.

शिंतोड्यांचा उगम बहुतेक वेळा नळाची उंची, ओढून घेता येणारा फवारा किंवा ओटा पुसतानाचं ओलं फडकं, यांपैकी एक असतो. वाफेचं पाणी याहून फसवं. सॉकेटच्या बरोबर खाली किटली किंवा वाफ सोडणारं भांडं ठेवलं जात असेल, तर वाफ गार भिंतीवर आणि सॉकेटच्या छिद्रांत जाऊन थेंब धरते. सिंक कोरडा ठणठणीत असतो आणि सॉकेट ओला, त्यामुळे घरच्यांचा विश्वासच बसत नाही. किटलीची जागा बदलून काही दिवस पाहा, कधीकधी एवढ्यानेच त्रास थांबतो.

वायरवरून चालत येणारं पाणी हे आणखी एक कारण, आणि ते सर्रास सुटतं. नळाजवळून किंवा सिंकखालच्या पाइपाजवळून जाणारी उपकरणाची वायर वरून उतरत थेट सॉकेटात शिरत असेल, तर तिच्यावर पडलेला थेंब ओघळत प्लगमध्येच जातो. वायरला सॉकेटच्या खाली एक झोल द्या, म्हणजे ती सॉकेटपेक्षा खाली जाऊन मग वर चढेल. थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतात. या उपायाला काहीही खर्च नाही, आणि सिंकखालच्या प्रत्येक यंत्राला तो केलेला असावा.

सिंकखालची गळती शोधायला सिंक तुडुंब भरा आणि मग एकदम मोकळा करा. पाणी जात असताना खाली विजेरी धरून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावत जा. नुसता नळ चालू ठेवून ही गळती दिसत नाही, कारण सांडपाण्याच्या पाइपाचा जोड पाण्याचा जोर आला तरच पाझरतो. नळाकडे येणाऱ्या पाइपावर मात्र दाब सतत असतो. घरातले सगळे नळ बंद असतानाही पाण्याचा मीटर हलत असेल तर गळती त्या बाजूला आहे.

झिणझिण्यांची तक्रार

ब्रेकर पडत नाही पण धातूच्या सिंकला किंवा उपकरणाला हात लावला की मुंग्या येतात, तेव्हा अर्थिंगवर संशय घ्यावा. अनेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज, न्यूट्रल आणि धातूच्या आवरणामध्ये जोडलेले असतात. अर्थ ठीक असेल तर त्यांची नगण्य गळती निमूट जमिनीत जाते. अर्थ तुटलेला असेल तर आवरण जवळजवळ निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतं आणि ती गळती तुमच्या हातातून जाते. प्रवाह छोटा असल्याने आरसीसीबी पडत नाही. तरी याला ‘किरकोळ’ म्हणून सोडू नका. याच उपकरणात उद्या खरा फेज आवरणाला लागला, तर त्याला वाहून नेणारी अर्थची तार जागेवर नाही हे आजच कळलेलं आहे.

मल्टिमीटरने सॉकेटात मोजताना फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल व अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट दिसायला हवेत. फेज-अर्थचं वाचन भलतंच कमी किंवा डळमळीत असेल तर अर्थ तुटलेला असण्याची शक्यता मोठी. उलट वाचन बरोबर आलं तरी अर्थ सक्षम आहे असं सिद्ध होत नाही, कारण मल्टिमीटर अगदी नाममात्र प्रवाह घेतो आणि एका तंतूवर लटकलेली तारही त्याला पुरते. अर्थच्या वाटेचा रोध मोजणारं वेगळं उपकरण असतं, ते इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावलेला असेल, तर बाकी काही तपासण्याआधी तो अडॅप्टर काढा.

सॉकेटची जागा

शिंतोडे थांबत नसतील तर सॉकेट हलवणं हाच खरा उपाय. ब्रिटनमध्ये सिंकच्या कडेपासून आडव्या रेषेत किमान ३० सेंटिमीटर अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने १९८७ मध्ये सिंकपासून ६ फुटांच्या आतल्या ओट्यावरच्या सॉकेटांना विजेच्या गळतीपासून संरक्षण देणारं उपकरण सक्तीचं केलं, आणि १९९६ मध्ये अंतराची अट काढून ओट्यावरचे सगळे सॉकेट त्यात घेतले. तिथे वापरलं जाणारं उपकरण साधारण ५ मिलिअँपिअरलाच पडतं. ते बनवणारे चार्ल्स डॅल्झील हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक. किती प्रवाहाला माणसाची पकड सुटत नाही यावर त्यांनी आधी दीर्घकाळ संशोधन केलं होतं.

मला स्वतःला ३० सेंटिमीटर अपुरं वाटतं, विशेषतः ओढून घेता येणारा फवारा असेल तर. एका जागी उभं राहून एक हात नळाला आणि दुसरा सॉकेटला सहज लागत असेल, तर सॉकेट अजून जवळच आहे. नळाच्या थेट मागे किंवा सिंकच्या बरोबर वर तो कधीच नको.

सिंकखालच्या यंत्रासाठी सॉकेट लागतोच. तो शेजारच्या कप्प्यात, बाजूच्या भिंतीवर, पाइपाच्या जोडांपेक्षा उंच घ्या. कप्प्याच्या तळाशी पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड ही सगळ्यांत वाईट व्यवस्था, कारण पहिली गळती थेट त्याच्यावर साचते. त्या सॉकेटचा स्विच ओट्याच्या वर, सिंकवरून हात न नेता पोचेल असा असावा, म्हणजे खाली पाणी साचलं तरी पुरवठा कोरड्या जागेवरून तोडता येईल.

आयपी ४४ दर्जाचं झाकण उपयोगी आहे; आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा. त्यातला दुसरा ४ म्हणजे कोणत्याही बाजूने येणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. पण बऱ्याच नमुन्यांत हे झाकण बंद असतानाच लागू होतं, प्लग लावल्यावर नाही, हे घेताना विचारा. पट्टीभोवती सिलिकॉन भरायचं असेल तर वरची कड आणि दोन्ही बाजू भरा, खालची मोकळी ठेवा. चारही बाजू बंद केल्या की मागून शिरलेलं पाणी आतच कोंडून राहतं.

आणि काही ‘उपाय’ ज्यांना हातही लावू नका. वारंवार पडतो म्हणून आरसीसीबी वगळून थेट जोडणी करणं. ३० च्या जागी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा बसवणं. ते आगीच्या धोक्यासाठी असतात, माणसाला वाचवण्यासाठी नाहीत. अर्थची तार कापून ‘आता पडत नाही’ म्हणणं. या तिन्हींत गळती तशीच राहते आणि तुमचं संरक्षण मात्र कमी होतं. बदलायचाच असेल तर एसी टाइपच्या जागी ए टाइपचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्या, कारण इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या गळतीत एकदिश स्पंदनं असतात आणि एसी टाइप ती नीट ओळखत नाही.

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबत चला. त्यावरून ब्रेकरची यंत्रणा हलते एवढंच कळतं, अर्थिंगबद्दल काही कळत नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकाच वेळी हात लागला तर आरसीसीबी वाचवू शकत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

दुरुस्ती झाल्यावर इलेक्ट्रिशियनला त्या सर्किटचा इन्सुलेशन रोध मेगरने, म्हणजे त्यासाठीच्या खास मीटरने, मोजायला सांगा: सगळी उपकरणं काढून, ५०० व्होल्ट डीसीवर, तारा आणि अर्थ यांच्यामध्ये. वाचन १ मेगाओहमच्या खाली येता कामा नये, आणि कोरड्या, धडधाकट वायरिंगमध्ये ते त्याच्या कितीतरी वर असतं. तो आकडा तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. काही महिन्यांनी, शक्यतो दमट हवेत आणि सिंकचा भरपूर वापर झाल्यावर, पुन्हा मोजून घ्या. आकडा बराच घसरला असेल तर ब्रेकर अजून पडला नसला तरी पाणी कुठून तरी आत येत आहे, आणि बोर्ड पुन्हा उघडायचा आहे.